पक्की शिलाई

मास्तरांना उंचीचं वावडं होतं. घरातला दिवा बदलायचा म्हटलं तरी ते आधी स्टूल हलवून बघत, मग भिंत धरून एक पाय वर ठेवत, आणि शेवटी "अगं, जरा येतेस का?" म्हणून बायकोला हाक मारत. ती हात पुसत यायची, स्टूल पायानेच बाजूला सारायची, टेबलाच्या कडेवर उभी राहून दिवा बदलायची आणि न बोलता निघून जायची. तिला त्यात विशेष काही वाटत नसे. गेली अठरा वर्षं ती झाडं उतरवण्याचंच काम करत होती. वाळलेलं, वाकलेलं, एखाद्या छपरावर नाहीतर तारांवर रेललेलं झाड असलं की वर चढायचं, करवतीच्या मशीनने एकेक फांदी कापायची आणि दोराने अलगद खाली सोडायची. हा धंदा आधी तिच्या धाकट्या भावाने सुरू केला आणि बहीण तो त्याच्याहून बरा शिकली. बरोबरचे लोक तिला खारूताई म्हणत. भाऊ म्हणायचा, "आमचे भावोजी जमिनीला शिवलेले आणि ताई आभाळाला टांगलेली. संसार आपला मधल्या मध्ये चाललाय."

मास्तर शिवायचे, पण कपडे नव्हे. ताडपत्र्या, तंबू, ट्रकवरची झाकणं, अवजारांच्या पिशव्या. त्यांचं जाड कापडाचं मशीन चालू झालं की दुकानाच्या फळीवरच्या रिळं नाचायला लागत. शिलाई मात्र अशी, की कापड फाटेल पण टाका सुटणार नाही, असं गिऱ्हाईकच म्हणे. मास्तर वरवर "चालायचंच" म्हणत आणि आतून फुलून जात.

खारूताईचा पट्टा त्यांच्या हातात आला तो वर्षाच्या सुरुवातीला. झाडावर चढणाऱ्या माणसाचा सगळा जीव या पट्ट्यात असतो. तो कमरेला आणि दोन्ही मांड्यांना आवळून बसतो. कमरेच्या दोन्ही बाजूंना कड्या असतात, त्यांत दोर अडकवायचा, पाय बुंध्याला टेकायचे आणि मागे रेलायचं, म्हणजे दोन्ही हात कामाला मोकळे. खारूताईच्या पट्ट्याची डाव्या कडीजवळची पट्टी घासून केसाळ झाली होती. शिवाय ती कडी तिच्या कमरेच्या हाडावर बोचायची. नवा पट्टा बाहेरून मागवावा लागे, आणि तो यायला दोन महिने तरी लागत.

"आण इकडे," मास्तर म्हणाले. "दोन महिने कशाला, दोन तास पुरेत."

त्यांनी आतून नव्या पट्टीचा तुकडा जोडला, कडी दोन बोटं पुढे सरकवली आणि वरून शिलाई घातली. चार ओळी उभ्या, चार आडव्या, त्यावर फुली, आणि मन भरेना म्हणून फुलीवर आणखी एक फुली. मग पट्टा दुकानाच्या आढ्याला टांगून त्याला वाळूची दोन पोती दिवसभर लटकवून ठेवली. संध्याकाळी पोती जागच्या जागी होती. मास्तरांनी येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून बोलावून ती दाखवली.

गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागतो? आठवड्याभरात लंबू आला. हाही झाडावर चढणारा, खारूताईच्या ओळखीचा, साडेसहा फुटी माणूस. त्याच्या मांडीचे पट्टे आखूड पडायचे. मास्तरांनी ते कापून मध्ये तुकडे जोडून दिले. मग मेहुण्याने आपल्या पट्ट्याला अवजारांसाठी एक खिसा शिवून घेतला. तीन पट्टे झाले. मास्तर उभ्या जन्मात कधी झाडावर चढले नव्हते, पण आता आपणही थोडेसे वर जाऊन आलो, असं त्यांना वाटायला लागलं.

चार महिने गेले. एका सकाळी मुकादम दुकानात आला. झाडकामाची माणसं तोच नेमायचा. ताडपत्रीला कड्या बसवून हव्या होत्या. काम सांगून झालं तरी तो घुटमळला.

"मास्तर, खारूताईची तब्येत बरी आहे ना?"

"ठणठणीत. का?"

"नाही, काल दवाखान्यामागचं झाड अर्ध्यावर टाकून उतरली. अठरा वर्षांत पहिल्यांदा." मुकादमाने मान खाजवली. "आणि त्याआधी चार दिवस बघतोय मी. एका हाताने काम करते. दुसरा हात फांदीवरून सुटतच नाही. नवशिके करतात तसं. करवत एका हाताने धरणं म्हणजे आ बैल मला मार. तुम्ही जरा विचारून बघा."

मुकादम गेला. मास्तरांनी मशीन सुरू केलं आणि पहिल्याच ओळीत सुई मोडली. दुसरी लावली, तीही मोडली. मग त्यांना एकेक आठवायला लागलं. बायको हल्ली पट्टा मांडीवर घेऊन बसायची आणि शिलाईवरून अंगठा फिरवत राहायची. त्यांना वाटायचं, कौतुक चाललंय.

संध्याकाळी जेवताना त्यांनी विषय काढला.

"काल अर्ध्यातून उतरलीस म्हणे."

"मुकादमाच्या तोंडात तीळ भिजत नाही."

"का उतरलीस?"

"वारा होता."

"काल? काल दुकानासमोर पान हललं नाही."

खारूताईने हातातला घास ताटात ठेवला. "आवाज आला," ती म्हणाली. "पंधरा दिवसांपूर्वी. मागे रेलले आणि डाव्या बाजूने 'कट्' असा बारीक आवाज आला. नख मोडल्यासारखा."

मास्तर जेवण तसंच टाकून उठले. पट्टा खुंटीवरून काढला, दिव्याखाली धरला, भिंग लावलं, टाका न् टाका बघितला. "एक धागा तुटलेला नाही."

"माहितीये. मी रोज बघते. सकाळी बघते, चढायच्या आधी बघते, वर गेल्यावर बघते."

"मग?"

"मग काय सांगू? डोक्याला पटतं हो, बुडाला पटत नाही. आणि बसायचं त्याला असतं."

दुसऱ्या एखाद्या दिवशी मास्तर हसले असते. आज त्यांचे कान तापले. "तीस वर्षांत माझी शिलाई कुठे उसवलेली ऐकलीस?"

"नाही ऐकली."

"पंधरा दिवस मनात ठेवलंस. परक्यासारखं."

"तुम्ही एवढ्या हौसेने शिवलंत. कसं सांगू?"

"म्हणजे भरवसा नाही."

"तुमच्यावर आहे," ती म्हणाली. थोडं थांबून, ताटाकडे बघत म्हणाली, "पण ताडपत्री उसवली तर माल भिजतो. एवढंच होतं."

त्या रात्री भांडी जरा जोरात वाजली.

सकाळी मास्तर दुकानात गेले, बसले, उठले, पुन्हा बसले. एका तंबूचं दार उलटं शिवलं. तीस वर्षांत तेही पहिल्यांदाच. गिऱ्हाईक काय बोलतंय ते कानावर पडत होतं, डोक्यात शिरत नव्हतं. दहाच्या सुमारास त्यांनी दुकान ओढून घेतलं, घरी आले आणि खुंटीवरचा पट्टा काढला.

"चल," ते म्हणाले. "गॅरेजवाल्याकडे. त्याच्याकडे इंजिन उचलायची साखळीची कप्पी आहे. माझी शिलाई तोडून दाखव. तुटली तर तुझं खरं."

"आणि नाही तुटली तर?"

"तर दोन्ही हातांनी काम कर."

गॅरेजवाला शेजारच्या गल्लीतला, बोलघेवडा. त्याला असलं काही हवंच होतं. त्याने गाडीखालून बाहेर येऊन सगळं ऐकून घेतलं, पट्टा उलटसुलट केला आणि म्हणाला, "पण हा पट्टा मेला तर मागाहून माझ्या नावाने बोंब नको." मग पट्टा लोखंडी खांबाभोवती आवळून बसवला. "कुठली कडी आधी?"

"डावी," खारूताई म्हणाली. "यांची."

डाव्या कडीत कप्पीचा आकडा अडकवला. तुटून साखळी कुणाच्या तोंडावर येऊ नये म्हणून गॅरेजवाल्याने वर जुनी पोती टाकली आणि दोघांना मागे उभं केलं. तो साखळी ओढायला लागला. पट्टा ताणला, सपाट झाला, मग काठीसारखा ताठ झाला. मास्तर पोत्यांच्या खालून दिसणाऱ्या आपल्या शिलाईकडे बघत होते. फुली जागच्या जागी होती. प्रत्येक टाका ओठ मिटून बसल्यासारखा.

"बघितलंस?" ते म्हणाले.

गॅरेजवाल्याने आणखी दोन हात ओढलं. चर्र असा आवाज झाला. फार मोठा नाही, वहीचं पान फाडल्यासारखा. पोती हवेत उडाली आणि साखळी खणखणत जमिनीवर आली.

तिघेही पुढे वाकले. शिलाई शाबूत होती. एक टाका सुटला नव्हता, एक धागा तुटला नव्हता. फाटली होती ती पट्टी. घासलेल्या जागी नव्हे, शिलाईच्या अगदी कडेला, सुईने टोचलेल्या भोकांच्या ओळीवरून, सरळ रेघेत.

"आता उजवी ओढ," खारूताई हळूच म्हणाली. "तिला कुणी हात लावलेला नाही."

उजवी कडी आकड्यात गेली. पट्टा तोच, तितकाच जुना, तितकंच ऊन आणि डिंक खाल्लेला. गॅरेजवाला ओढत राहिला. डावीकडची पट्टी जेवढ्या साखळीला फाटली होती, तेवढी साखळी ओढून झाली आणि त्याच्याही पुढे गेली. त्याच्या गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या. खांबाच्या बुडाचं सिमेंट तडकलं, एक ढलपी निघाली.

"बास!" तो म्हणाला आणि साखळी सोडून मटकन खाली बसला. "गॅरेज खाली येईल माझं. हा काही तुटत नाही."

मास्तरांनी फाटलेला तुकडा उचलला आणि उजेडात धरला. फुलीवरची फुली. तेवढ्याशा जागेत दोनशेच्या वर भोकं असतील. प्रत्येक भोकात त्यांनी आपल्या हाताने मेण लावलेला, जाड, कधी न तुटणारा धागा भरला होता. जितकी पक्की शिलाई, तितकी भोकं जास्त. हे त्यांना आधी कळायला हवं होतं. ताडपत्रीला ते नेहमी म्हणत, फार टाके घालू नका, कापड कमजोर होतं. मग बायकोच्या पट्ट्याला का घातले? जीव लावला म्हणून. कारण शोधून दुसरं सापडेना.

"मला..." ते म्हणाले आणि तो तुकडा खारूताईपुढे धरला.

खारूताईने त्यांच्या दंडाला हात लावला, पण तिचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. "लंबू," ती म्हणाली.

तिने आधी भावाला फोन लावला. तो घरीच होता, पट्टा खुंटीला. "हात लावू नकोस त्याला," तिने सांगितलं, "का ते मग सांगते." मग लंबूला लावला. घंटी वाजत राहिली. परत लावला. परत घंटी. झाडावर चढणारा माणूस फोन खाली पिशवीत ठेवतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे तो वर होता. मुकादमाला विचारल्यावर कळलं, नदीपलीकडच्या शाळेमागे निलगिरी उतरवायला गेलाय.

स्कूटर नेहमी मास्तर चालवत. आज किल्ली दोनदा त्यांच्या हातून पडली. खारूताईने ती उचलली आणि म्हणाली, "मागे बसा." पुलाच्या तोंडाशी रस्ता खणलेला होता, एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडत होते. पलीकडून येणारी रांग संपता संपेना. मास्तर मागे बसून पाय जमिनीवर आपटत होते. उतरून चालत जावं का? चालत किती वेळ लागेल? मांडीच्या पट्ट्याला आपण किती ओळी घातल्या होत्या? चार? सहा? लंबूचं वजन जास्त म्हणून सहा घातल्या होत्या. सहाच. आणि वर फुली.

"तुम्ही हलू नका, गाडी कलते," खारूताई म्हणाली.

शाळेमागे पोचले तेव्हा करवतीचा आवाज येत होता. खाली दोर धरायला नेमलेला माणूस उभा होता, आणि त्याच्या नजरेबरोबर मास्तरांनी वर बघितलं. तीनमजली शाळेच्याही वर, उघड्या बुंध्याला पाय लावून लंबू मागे रेलला होता. अगदी आरामखुर्चीत बसल्यासारखा. दोन्ही हात करवतीला. कानांवर आवाज अडवणारे जाड गोळे.

"लं..." मास्तर ओरडणार तोच खारूताईचा पंजा त्यांच्या तोंडावर आला.

"ओरडू नका. हातात चालू करवत आहे. दचकला तर झटका बसेल, आणि झटका सगळा पट्ट्यावर."

"मग काय करायचं?"

"थांबायचं."

तेवढं एकच काम मास्तरांना त्या दिवशी येत नव्हतं. ते झाडाच्या बुंध्याशी गेले, परत आले, कुंपणापर्यंत गेले. वर बघवत नव्हतं आणि खाली बघितलं की कानात चर्र ऐकू येत होतं. लाकडाचा भुसा डोक्यावर पडत होता. एक मोठा ओंडका सुटला, दोराला हिसका बसला, सबंध झाड मागेपुढे हललं आणि त्याच्याबरोबर लंबू. मास्तरांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो तिथेच होता, आणि करवत थांबली होती.

दोरवाल्याने दोर तीनदा हलवला. लंबूने कानावरचे गोळे मागे सरकवले आणि खाली बघितलं.

"अरे वा! मास्तर? वर येताय का?" तो ओरडला. "पट्टा काय झालाय म्हणून सांगू! पाळणा आहे, पाळणा!" आणि दाखवायला म्हणून त्याने पट्ट्यात बसल्या बसल्या दोन उसळ्या घेतल्या.

"हलू नकोस!" मास्तर किंचाळले. "हलू नकोस रे बाबा! माझी शिलाई कच्ची आहे!"

शाळेच्या खिडक्यांत पोरांची डोकी दिसायला लागली होती. शिपाई आला होता, दोन शिक्षिका आल्या होत्या. तीस वर्षांत जे वाक्य मास्तरांनी कुणाच्या तोंडून ऐकून घेतलं नसतं, ते त्यांनी सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं. आणि लंबू हसला.

"पुरे झाली चेष्टा, मास्तर! तुमची शिलाई आणि कच्ची?"

मग खारूताई बोलली. आवाज चढवला नाही, नुसता लांब फेकला. "लंबू, चेष्टा नाही. माझा पट्टा आत्ता कप्पीला लावून तोडून आलोय. शिलाईच्या कडेला फाटतो. तू बुंध्याला धर."

लंबूचं हसू जिरलं. त्याने एक हात बुंध्याभोवती टाकला, मग दुसराही टाकला. पट्टा तोच होता, वजन तेच होतं. पळभरापूर्वी त्यात उसळ्या मारणारा माणूस आता बुंध्याला गाल टेकवून झाडाला बिलगला.

"आता मी सांगते तसं कर," खारूताई म्हणाली. "घाई नाही. तुझ्याकडे मोकळा दोर आहे. एक वेढा उजव्या मांडीखालून घे. घेतलास? आता डाव्या. दोन्ही वर आणून पोटापाशी गाठ मार आणि ती गाठ ओंडके सोडायच्या दोराला. ओढून बघ. परत ओढ."

त्याची बोटं दोनदा चुकली. तिसऱ्यांदा गाठ बसली. दोरवाला हळूहळू दोर सोडत गेला आणि लंबू हातहातभर करत खाली आला. त्याचे पाय जमिनीला लागले तसे मास्तर पुढे धावले. त्यांना वाटलं, तो गळ्यात पडेल. निदान पाणी तरी मागेल.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" लंबू म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "चार महिने बसतोय त्यात. अर्ध्या तासात मी आपला उतरलोच असतो. मग सांगायचं. वर असताना सांगतात का कुणी? हात थरथरून मी मेलो असतो ते कशाने? पट्ट्याने, की तुमच्या ओरडण्याने?"

खरंच, कशाने? मास्तरांनी खारूताईकडे बघितलं. ती दोराची वेटोळी करत होती.

"पट्टा दे," मास्तर म्हणाले.

"देतो बरा! आणि उद्याचं काम तुमच्या सुईच्या टोकावर बसून करू?" लंबूने पट्टा सोडून पिशवीत कोंबायला घेतला. "तुमच्या पट्ट्याला काय झालं ते तुमचं. माझा धड आहे. मी जपून वापरीन."

"जपून म्हणजे कसा?"

"म्हणजे जपून!"

मास्तरांच्या खिशात कात्री असायचीच. त्यांनी पिशवीतून पट्ट्याची मांडी ओढून बाहेर काढली आणि लंबूला कळायच्या आत कात्री घातली. पट्टी जाड होती, एका कापात तुटेना. दोनतीनदा दाबावं लागलं. स्वतःची शिलाई कापताना ते अडखळले नाहीत, याचं त्यांना मागाहून आश्चर्य वाटलं.

लंबू हातातल्या दोन तुकड्यांकडे बघत राहिला. "माझ्या पोटावर कात्री चालवलीत तुम्ही," तो म्हणाला. आणि एवढा मोठा माणूस तिथेच ओंडक्यावर बसून रडायला लागला. ते भीतीचं रडणं होतं की रागाचं, कुणालाच कळलं नाही.

पुढचे दोन महिने तिघांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. मुकादमाकडे एक जादा पट्टा होता. तो आज खारूताईकडे, उद्या तिच्या भावाकडे, परवा लंबूकडे, असा फिरत राहिला. मेहुण्याने आपल्या पट्ट्यासाठी बरीच वकिली केली. "भावोजी, नुसता खिसा तर शिवलाय. त्याला कुठे भार येतो?" मास्तरांनी खिसा उसवून आतली भोकं दाखवली. मेहुण्याने पट्टा मुकाट्याने त्यांच्या हातात दिला. वर म्हणाला, "खिशापायी पट्टा गेला. लोकांचा पट्ट्यापायी खिसा जातो." नवे पट्टे आल्यावर लंबूने आपला घेतला आणि मास्तरांच्या दुकानावरून जाणंच बंद केलं. समोर दिसले तर रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जायचा. उसळ्या मारणारं ते हसू मास्तरांना मात्र कधीही, कुठेही आठवायचं, आणि आठवलं की ते हातातलं काम ठेवून दुकानात येरझारा घालायचे.

अशाच एका दुपारी एक अनोळखी माणूस आला. त्याच्या काखेत निळा पट्टा होता. उजव्या मांडीपाशी करवत चाटून गेली होती, बोटभर फाटलं होतं.

"चार टाके घाला फक्त," तो म्हणाला. "तुमचं नाव ऐकून आलोय."

"जे ऐकलंत ते जुनं आहे," मास्तर म्हणाले. "मी पट्टे शिवत नाही. कुणीच शिवू नये. बसा, सांगतो."

तो बसला नाही. मास्तरांनी उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली. कप्पी, भोकं, खांबाचं सिमेंट. माणूस घड्याळ बघत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बरं बरं. बाजाराच्या टोकाला दुसरा आहे ना, तो घालील," आणि चालू लागला.

बाजाराच्या टोकाचा तो दुसरा म्हणजे मास्तरांचाच जुना शागीर्द. वेगळं दुकान थाटल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं. बारा वर्षं झाली होती. मास्तर दारात उभे राहिले. आत आले. मशीनवर बसले. मग उठले, आणि दुकान उघडंच टाकून धावत सुटले.

पोचले तेव्हा पट्टा सुईखाली गेला होता. शागीर्दाने मान वर केली. "आज वाट चुकलात?"

"पाय काढ मशीनवरून," मास्तर धापा टाकत म्हणाले. "आधी ऐक. मग हवं तर शिव."

"माझं गिऱ्हाईक पळवायला आलात?"

"तुझं गिऱ्हाईक जिवंत ठेवायला आलोय. माझ्या बायकोचा पट्टा मी शिवला होता. माझी शिलाई तुला माहीत आहे. तुझ्याइतकी दुसऱ्या कुणाला माहीत आहे? एक टाका सुटला नाही, आणि पट्टा कागदासारखा फाटला."

शागीर्दाचा पाय मशीनवरून खाली आला. याच माणसाने त्याला एका वाकड्या टाक्यासाठी सबंध ताडपत्री उसवायला लावली होती. त्याने चाक उलटं फिरवून सुई वर घेतली आणि पट्टा बाहेर काढून मालकापुढे ठेवला.

"मास्तर नाही म्हणतात तर मी नाही घालणार."

"दोघंही वेडे आहात," तो माणूस म्हणाला. "चार टाक्यांसाठी कीर्तन!" त्याने पट्टा उचलला आणि तो गर्दीत शिरला. मास्तर त्याच्या मागे दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गेले. तिथून रस्ते तीन बाजूंना फुटत होते. तो कुठल्या बाजूला वळला ते दिसलं नाही.

घरी आले तेव्हा खारूताई नुकतीच कामावरून आली होती आणि हाताचा डिंक तेल लावून काढत होती. मास्तरांनी सगळं सांगितलं.

"नाव विचारलंत?"

"नाही."

"कुठल्या कामावर आहे?"

"सांगितलं नाही. निळा पट्टा. उजव्या मांडीला फाटलेला. वर पांढरी रेघ होती एक."

खारूताईने फडक्याला हात पुसले, फोन घेतला आणि मुकादमाला लावला. मग भावाला. मग नदीपलीकडच्या लोकांना. मास्तर तिच्याशेजारी उभे होते. प्रत्येक फोनला ते वाकून तिच्या कानापाशी पुन्हा सांगत होते, "निळा म्हण, निळा. उजवी मांडी." चौथ्या नंबरावर घंटी वाजत राहिली. तिने मास्तरांकडे बघितलं. तो नंबर लंबूचा होता. उचलला गेला तेव्हा तिने फोन मास्तरांच्या हातात दिला.

"कोण?" पलीकडून आवाज आला.

"मी," मास्तर म्हणाले. "ठेवू नकोस. तुझं काही काम नाही. एक माणूस शोधायचाय."

पलीकडे चालू असलेला रेडिओ बंद झाला.

"सांगा," लंबू म्हणाला. "दिसायला कसा होता?"